नाग कोणता, ते आधी पाहा

जावा बेटावरच्या केरिस या खंजिराच्या पात्यावर कोरलेला नाग पाहिला की आपल्याकडे सहसा दोन प्रतिक्रिया उमटतात. एक आपल्याच माणसांची: "हे कसले मुसलमान? हत्यारावर साप कोरतात!" दुसरी बाहेरची: "बघा, शेवटी मूळ ते मूळच." दोन्ही बोलणारे एकमेकांचे विरोधक असतात, पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोघांनीही ते पाते नीट पाहिलेले नसते.

मी भाषेचा शिक्षक आहे. अक्षर ओळखल्याशिवाय शब्द वाचता येत नाही, हे रोज सांगतो. केरिसचेही तसेच आहे.

केरिसचे पाते मुठीजवळ एका बाजूला रुंद आणि जाड असते. या जाड भागाला जावातले लोक गांडिक म्हणतात. प्राणी कोरलेला असेल तर त्याचे डोके बहुधा इथेच सापडते. नाग असेल तर डोक्यामागून खवल्यांचे अंग पात्याच्या वळणांबरोबर टोकाकडे जाते. ही वळणे नेहमी विषम संख्येत असतात. आपला डोळा नाग म्हटले की फणा शोधतो. जावाच्या नागाला सहसा फणा नसतो, मुकुट असतो. म्हणून तो आपल्याला नाग वाटत नाही आणि आपण त्याला मगर किंवा ड्रॅगन म्हणून मोकळे होतो. गांडिकवर चार पायांचे, आयाळ असलेले, आखूड अंगाचे जनावर बसलेले असेल तर तो सिंगा बारोंग, म्हणजे सिंह. जावाच्या रानात सिंह कधी नव्हता. तो तिथे भारत आणि चीनकडून आला, कारागिरांच्या कल्पनेतून.

आणि प्राणी दिसतच नसेल तर? तरीही गांडिकवरचा बाकदार आकडा पाहा. त्याला घेवड्याचे फूल म्हणतात, तसेच हत्तीची सोंडही म्हणतात. त्याखालच्या बारीक टोकांना नाव आहे लाम्बे गजह, म्हणजे हत्तीचा ओठ. ज्याला आपण साधे पाते समजतो, त्याच्या नावांतही हत्ती आहे.

नुसते डोळे पुरत नाहीत, याचे उत्तम उदाहरण राजपुत्र दिपोनेगोरो याच्या केरिसचे. १८२५ ते १८३० या काळात डच सत्तेविरुद्ध जावात मोठे युद्ध झाले. दिपोनेगोरो त्याचा नेता. माणूस पक्का धार्मिक, लढ्याला त्याने दीनाचा लढा मानले. २८ मार्च १८३० रोजी मागेलांग इथे वाटाघाटीसाठी आला असताना डचांनी त्याला पकडले. त्याचा एक केरिस पुढे हॉलंडच्या राजाकडे गेला आणि नंतर संग्रहालयाच्या साठ्यात हरवल्यासारखा झाला. बऱ्याच शोधानंतर मार्च २०२० मध्ये तो इंडोनेशियाला परत मिळाला. त्याचे नाव क्याई नोगो सिलुमान. नोगो म्हणजे नाग, सिलुमान म्हणजे अदृश्य होणारा.

इथेच वाद पेटला. जाणकारांच्या परिभाषेत नाग सिलुमान हा एक ठरलेला घाट आहे: डोके कोरलेले, अंग मात्र पात्यावर न दिसणारे. परत आलेल्या पात्यावर तर नागाचे अंग दिसत होते. मग केरिस खरा की खोटा? काही जाणकारांनी शंका घेतली. दुसऱ्यांनी सांगितले की घाटाचे नाव वेगळे आणि मालकाने त्या एका केरिसला दिलेले नाव वेगळे. चित्रकार रादेन सालेह यांनी एकोणिसाव्या शतकात हा केरिस हॉलंडमध्ये पाहून त्याविषयी लिहून ठेवले होते. ती टिपणेही ओळखीच्या कामी आली. म्हणजे आकृती, नाव आणि कागद, तिन्ही समोर ठेवावे लागले.

मला या वादापेक्षा वादाच्या मुद्द्याचे महत्त्व वाटते. तिथल्या मुसलमानांनी प्रश्न विचारला तो "हा नाग कोणता?" असा. "नाग का?" हा प्रश्न आपला आहे.

प्राण्यांच्या आकृतींबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी नाकारत नाही. जावातल्या कारागिरांसमोरही तो प्रश्न होताच. १५५९ साली बांधलेल्या मांतिंगानच्या मशिदीतल्या कोरीव फलकांवर पाने आणि वेली दिसतात. नीट पाहिले की त्या पानांतून माकडासारखी आकृती तयार होते. कारागिराने कलाही राखली आणि मर्यादाही.

सुलतान अगुंगचे उदाहरण तर आपल्या घरचेच वाटावे. त्याने १६३३ मध्ये जावाची कालगणना बदलली. महिने हिजरी पद्धतीचे, चंद्रावर चालणारे घेतले, पण वर्षाचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला. तेव्हा शके १५५५ होते. महाराष्ट्रातल्या पंचांगावर छापला जाणारा शक तो हाच. तिथे मोहरमला सुरा म्हणतात, आणि याच महिन्यात केरिसची पाती लिंबाचा रस आणि सोमल लावून स्वच्छ करतात. लोखंड काळे पडते, निकेलचा थर चमकतो आणि नक्षी पुन्हा उठून दिसते.

नाग, सिंगा, गजह, पक्सी. हे शब्द समजायला मराठी माणसाला कोश लागत नाही. पण ओळखीचा शब्द ऐकला की अर्थही आपलाच असेल, असे धरून चालणे हा आळस आहे. जावाच्या माणसाने नाग ठेवला, त्याला मुकुट घातला, पात्याच्या वळणात वळवला आणि तो कमरेला खोवून तो नमाजी माणूस लढायला गेला. त्यात त्याला विसंगती वाटली नाही. ती वाटलीच पाहिजे, असा आग्रह आपण कोणत्या अधिकाराने धरतो?

आपल्या मुलांना दूरच्या मुसलमानांविषयी सांगताना फतव्याची घाई नको आणि वंशावळीचीही नको. आधी पाते हातात घेऊ द्या. मुकुट आहे का, सोंड आहे का, अंग टोकापर्यंत जाते की मध्येच नाहीसे होते, ते पाहू द्या. मग नाव विचारू द्या. मत त्यानंतर बनवायलाही पुष्कळ वेळ असतो.