डिस्कच्या खोक्यावर काय छापावे?

आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे बियाणे घेणारा जाणता शेतकरी पिशवीचे वजन आणि किंमत एवढेच पाहत नाही. पिशवीवरच्या चिठ्ठीत उगवणशक्ती किती लिहिली आहे, हेही तो वाचतो. प्रमाणित सोयाबीनसाठी ती किमान ७० टक्के असावी लागते. शिवाय शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून तो स्वतः पडताळा घेतो. संगणकाची हार्ड डिस्क घेताना मात्र आपण 'किती टेराबाइट आणि किती रुपये' या दोनच प्रश्नांवर समाधान मानतो. हे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरातील सर्व संगणकांना व मोबाइलना सामाईक अशी साठवणपेटी, म्हणजे 'नॅस', आता काही घरांत आणि शाळांत दिसते. तिच्यात दोन किंवा अधिक डिस्क असतात. समजा, तीन आहेत. पहिलीवर १ आणि दुसरीवर ० लिहिला, तर तिसरीवर असा अंक लिहायचा की तिन्हींची बेरीज सम यावी. म्हणजे येथे १. आता कोणतीही एक डिस्क बंद पडली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा अंक काढता येतो. करून पाहा! नवी डिस्क बसवली की पेटी असा एकेक अंक काढून तिच्यावर लिहीत जाते. हे काम कित्येक तास चालते. तेवढ्यात दुसरी डिस्क बिघडली, तर सारे संपले. डिस्कची खरी कसोटी लागते ती याच वेळी.

आता थोडे पदार्थविज्ञान पाहू. डिस्कच्या चुंबकीय थरावर माहिती वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिलेली असते. लिहिणारे टोक रुंद असते, कारण त्याला प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण करावे लागते. वाचणाऱ्या टोकाला अरुंद पट्टी पुरते. मग जागा वाचवण्यासाठी पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकीवर एक किंचित चढवल्या तर? क्षमता वाढते. या पद्धतीस एस.एम.आर. म्हणतात, पट्ट्या सुट्या ठेवणारी पद्धत सी.एम.आर. पण खालच्या ओळीतले कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात. तसेच येथे एक पट्टी बदलताना तिच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क नवे लेखन आधी राखीव जागेत ठेवून वेळ निभावते. परंतु तासन्‌तास लेखन चालले की ती जागा भरते आणि वेग कोसळतो. उत्तर वेळेवर न आल्यामुळे पेटी चांगली डिस्कही नादुरुस्त समजून बाजूला काढू शकते.

ही नुसती शक्यता नव्हे. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एस.एम.आर. असल्याचे उघड झाले. ग्राहकांना ते आधी सांगितलेले नव्हते. पुढे कंपनीने यादी प्रसिद्ध केली आणि सी.एम.आर. डिस्कना 'रेड प्लस' असे वेगळे नाव दिले.

एस.एम.आर. पद्धत वाईट आहे, असे मात्र समजू नका. महिन्यातून एकदा प्रत काढून कपाटात ठेवायची असेल, तर ती पुरेशी आहे. दोष पद्धतीचा नाही, न सांगण्याचा आहे. "सामान्य ग्राहकाला हे तपशील कळत नाहीत," असे कोणी म्हणेल. उगवणशक्ती समजणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलांना हे समजणार नाही, हे मला मान्य नाही. म्हणून लेखनपद्धती खोक्यावर ठळक छापलीच पाहिजे.

तोवर आपण काय करावे? डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक पेटीच्या उत्पादकाने दिलेल्या सुसंगत डिस्कच्या यादीत शोधावा. सी.एम.आर. असल्याची खात्री करावी. दोन डिस्कवर एकसारखी प्रत ठेवायची असेल, तर क्षमता सारखी घ्यावी. ४ आणि ८ टेराबाइट जोडले तर वापरायला ४ च मिळतात. आणि एक प्रत पेटीबाहेर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. कारण चुकून पुसलेला फोटो पेटीतल्या सर्व डिस्कवरून एकदमच पुसला जातो, आणि वीज कोसळली तर ती डिस्क मोजत बसत नाही.