डॉल्फिनची हमी कोण देणार?

सुटी लागली की सावेडीतून कोकणच्या सहली निघतात. तारकर्ली, मालवण, दापोलीजवळचे मुरुड-हर्णे येथे होडीतून डॉल्फिन दाखवतात. सहलीच्या पत्रकात 'डॉल्फिन हमखास' छापणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना आमचा सवाल आहे. पाण्यातल्या, न पकडलेल्या मासळीचा सौदा शरियतने का नाकारला? जे हाती नाही ते विकणे म्हणजे गरर, अनिश्चिततेचा सौदा. डॉल्फिन मासा नव्हे, श्वासासाठी वर येणारा सस्तन प्राणी. पण नियम तोच. फेरीचे भाडे घ्यावे, ते हलालच आहे. हमी दिली की गिऱ्हाईक तगादा लावते, होडीवाला कळपामागे इंजिन पळवतो आणि कळप बुडी मारून दूर जातो. नुकसान शेवटी त्या होडीवाल्याचेच, आणि त्यांत आपले दालदी बांधवही आहेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे डॉल्फिनला संरक्षण आहे. पत्रकात 'समुद्रफेरी, डॉल्फिन दिसल्यास नशीब' एवढेच छापावे. चार गिऱ्हाइके कमी येतील, येऊ द्या. भर पावसाळ्यातल्या फेरीची आगाऊ रक्कम घेणाऱ्यांविषयी मात्र न बोललेले बरे.