शाळांच्या यादीत जून महिन्याचा रकाना हवा




शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची उतरंड लावायला सगळेच सरसावतात. कोणत्या शाळेची किती मुले गुणवत्ता यादीत आली याचे फलक चौकात झळकतात आणि ज्या वस्तीशाळेचे नाव त्यात नाही, ती कामातून गेलेली ठरते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत अशी तुलना करणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुलना जरूर करावी. पण मूल जूनमध्ये कुठे होते आणि एप्रिलमध्ये कुठे पोचले, यावर करावी.

आधी या परीक्षेचेच पाहू. तिला बसणे सक्तीचे नाही. यशस्वी मुलांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. परीक्षेला किती बसली आणि वर्गाचा पट किती होता, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यातच २०१७ पासून ही परीक्षा चौथीऐवजी पाचवीला होऊ लागली. वाडी-वस्तीवरच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. जिथे पाचवीचा वर्गच नाही, त्या शाळेचे मूल यादीत येणार कुठून? चार वर्षे वस्तीवर शिकलेले मूल पाचवीला गावातल्या मोठ्या शाळेत जाते आणि त्याच्या यशाचे श्रेय त्या शाळेच्या खात्यावर जमा होते. परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला आहे. त्याने हा एक दोष जाईल, बाकीचे तसेच राहतील.

बाकीच्यांत सर्वांत मोठा दोष शाळेच्या आकाराचा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वस्तीवर दोन गुरुजी आणि चार वर्ग. एका खोलीत खडूची उभी रेघ मारून फळ्याचे दोन भाग केलेले असतात. एकीकडे पहिलीची बाराखडी, दुसरीकडे दुसरीची बेरीज. त्यातला एक शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. दीड-दोनशे पटाच्या शाळेत पाच शिक्षक असतात, तिथे एक जण गेल्याने शाळा थांबत नाही. शिवाय चौथीत चारच मुले असतील तर त्यातले एक आजारी पडले तरी निकाल थेट पंचवीस टक्क्यांनी खाली येतो आणि पुढच्या वर्षी एक हुशार मूल आले की तेवढाच वर जातो. अशा आकड्यांवरून शाळेची गुणवत्ता ठरवता येत नाही.

आणि मग गाळप हंगाम. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाची उचल घेतलेल्या आई-बापांबरोबर मुलेही फडावर जातात. हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळे काही मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात, सगळी नाही. वर्षातले पाच-सहा महिने फडावर गेलेल्या मुलाला परत आल्यावर अक्षरओळखीपासून उभे करून एप्रिलअखेर शब्द वाचायला लावणे, हे मोठे काम आहे. आजच्या यादीत ते शून्य म्हणून नोंदले जाते. उलट घरी पुस्तके असलेले, शिकवणीला जाणारे आणि आधीच वाचता येणारे मूल वर्षभर जागच्या जागी राहिले, तरी त्याची शाळा पहिली येते.

यावर आक्षेप असा, की ही शिक्षकांना पळवाट झाली. गरिबी आणि स्थलांतर पुढे केले की कुणी जाब विचारणार नाही. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण गरिबाच्या मुलाकडून कमीच अपेक्षा ठेवण्याची सवय आपल्या व्यवस्थेत खोलवर आहे. पण प्रगती मोजली तर पळवाट उघडी राहत नाही, बंदच होते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी मूल जूनमध्ये कोणत्या पायरीवर होते, हातच्याची वजाबाकी त्याला येत होती का, हे एकदा लिहून ठेवले की एप्रिलमध्ये कारणे सांगायला जागा उरत नाही. आज केवळ मुलांच्या घरच्या बळावर नावाजलेल्या शाळेलाही मग उत्तर द्यावे लागेल.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. शिक्षक स्वतःच नोंदी करणार तर त्या फुगणारच. म्हणून ही तपासणी शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकांनी करावी आणि चावडी वाचनाच्या धर्तीवर पालकांसमोर करावी. एका मुलाला चार-पाच मिनिटे पुरतात. कागदपत्रांचे ओझे वाढेल, असेही म्हटले जाईल. पण स्तरनिश्चितीच्या नोंदी शाळांना नव्या नाहीत. नवे एवढेच, की त्या वर पाठवून संपणार नाहीत, गावापुढे मांडल्या जातील.

हा वाद नुसत्या मानपानाचा नाही. यादीत नाव नाही म्हणून पालक मूल काढून गावातल्या शाळेत घालतात, पट घटतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर वीसच्या आतील पटाच्या शाळांपुढे संच मान्यतेत शिक्षकाचे पद टिकण्याचाच प्रश्न आहे. शिक्षक कमी झाला की शिकवणे खालावते आणि पुढच्या यादीत ती शाळा आणखी खाली जाते. चुकीच्या मोजणीने शाळा बंद पडली तर त्या वस्तीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला रोज लांब चालत जावे लागेल किंवा ती फडावर तरी जाईल. म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागाने येत्या जूनपासून प्रत्येक शाळेचा पट, प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक, हंगामात बाहेर गेलेली मुले आणि जून व एप्रिल या दोन्ही वेळची वाचन-गणिताची पातळी शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावी, अशी माझी मागणी आहे.

– एक वाचक, पाटोदा (जि. बीड)