तेरा भाषांची मोजदाद

रोझालिया या स्पॅनिश गायिकेचा 'लुक्स' हा अल्बम 7 नोव्हेंबर 2025 रोजी आला आणि आमच्या परिचयातील साहित्याच्या अध्यापकांत त्याची चर्चा सुरू झाली ती 'तेरा भाषा' या दोन शब्दांनी. बहुतेकांची ती तिथेच संपलीही. एका गोटास एकटी बाई तेरा भाषांत गाते याचाच अचंबा. दुसऱ्या गोटाचा आक्षेपही आकड्यावरच : भाषा शिकली नाही, उच्चार तेवढे घोकले, ही निव्वळ पर्यटकी. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच उथळ वाटतात.

अल्बम ऐकावा. त्यातील गाण्यांमागे निरनिराळ्या परंपरांतील संत स्त्रिया उभ्या आहेत. अरबी येते ती बसऱ्याच्या राबियाच्या निमित्ताने, जर्मन येते ती बिंगेनच्या हिल्डेगार्डच्या. म्हणजे भाषेला तेथे काही काम आहे. ते सर्वत्र सारखे साधले आहे असे नाही. एखादी ओळ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वाद्यमेळात अशी बुडते की भाषेचा नुसता वास उरतो. टीका करायची तर ती अशी, गाण्यागणिक करावी.

आणि नवलाईचे म्हणाल, तर मराठीच्या प्राध्यापकाने तरी इतके दिपून जाऊ नये. शहाजीराजांच्या पदरी असलेला जयराम पिंड्ये बारा भाषांचा कवी म्हणून ओळखला जातो; त्याचा 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनी 1922 मध्ये छापून आणला. त्याच शहाजींचा तंजावरचा नातू, तोही शहाजीच (राज्यकाल 1684 ते 1712), त्याने 'पंचभाषाविलास' नाटक रचले. कृष्णावर अनुरक्त झालेल्या द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देशांच्या राजकन्या त्यात आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत ही पाचवी. परभाषा गाऊन दाखवण्याची हौस तेथे कोणासच नाही, जी ती आपल्या जिभेने प्रेम करते. हा ग्रंथ आमच्यापैकी कितींनी उघडला आहे?

आमचा खरा राग मात्र याहून जवळचा आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचना कायद्यात आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल स्वतंत्र नाव घेऊन मुंबई राज्यात घातले गेले. आज ते नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात आहे. रेघ सरकली, माणसे होती तेथेच राहिली. या टापूतला तांड्यावरचा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, बाजारात तेलुगू आणि दखनी, शाळेत मराठी. शेजारच्या पाड्यावरची गोंडी, कोलामी त्याच्या कानावर असते. त्याला कोणी बहुभाषक कलावंत म्हणत नाही. निबंधात एखादा तेलुगू शब्द आला की त्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि समासात 'भाषा अशुद्ध' असा शेरा पडतो. तोच हात संध्याकाळी 'तेरा भाषा' म्हणून टाळी देतो!

गोंडी आणि गोरमाटी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत, हे कारण यावर पुढे केले जाते. रोझालियाने गायिलेली सिसिलियन तरी कोणत्या मोठ्या राज्यकारभाराची भाषा आहे? पण ती रेकॉर्डवर आली, परदेशातून आली, म्हणून ती भाषा. आणि इस्लापूरच्या पोराची ती सरमिसळ.

लाल रेघ ओढणाऱ्यांनी उद्या वर्गात गेल्यावर एवढेच विचारावे, की समोर बसलेल्यांच्या घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात. मोजायचीच आवड असेल तर हा आकडा आधी फळ्यावर लिहावा.