पपई नको, गोळी चालेल!

दिवस गेलेल्या बाईला काय काय वर्ज्य असतं त्याची यादी आपल्या पुण्यात कोणीही झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. पपई नको, अननस नको, ग्रहणात सुरी हातात धरायची नाही, मोबाईल पोटाजवळ ठेवायचा नाही. संध्याकाळी गर्भसंस्काराची सीडी मात्र हवीच. आणि त्याच घरात सातव्या महिन्यात तिला झोप लागेना की कपाटातून सासऱ्यांची अल्प्राझोलमची स्ट्रिप निघते. "अर्धीच घे गं, काही होत नाही."

माझा राग आहे तो या 'अर्धीच'वर.

आमच्या नात्यातल्या एकीला ही अर्धी दोन महिने मिळत होती. स्ट्रिप संपली की पेठेतल्या एका दुकानातून नवी यायची, चिठ्ठीशिवाय, निव्वळ ओळखीवर. (नाव लिहीत नाही. काकू, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, पण बोलल्यावाचून राहवत नाही.) २०१४ च्या मार्चपासून आपल्या देशात अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशाराही छापलेला असतो. पण आपल्याकडे 'ओळखीचा मेडिकलवाला' म्हणजे अर्धा डॉक्टरच!

आईने घेतलेली गोळी वारेतून सरळ बाळात उतरते. डायझेपामसारखं औषध तर बाळाच्या रक्तात साठत जातं, कारण ते फोडून बाहेर टाकण्याइतकं त्याचं यकृत तयारच झालेलं नसतं. शेवटच्या महिन्यांत रोज घेतलं तर बाळ कापडी बाहुलीसारखं ढिलं जन्माला येऊ शकतं. ते दूध ओढत नाही, अंग गार पडतं, श्वास मंदावतो. नाहीतर उलट, जन्मल्यावर औषध तुटल्यामुळे थरथरतं, सतत रडतं. मग आपण म्हणतो, "बाळ जरा अशक्तच आहे, दृष्ट काढा."

काहीजण लगेच व्यंगाची भीती घालतात, तीही मला पटत नाही. १९७५ च्या सुमारास डायझेपाममुळे बाळाचा ओठ-टाळू दुभंगतो असे अभ्यास आले होते. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती भीती बरीच ओसरली. ही गोळी म्हणजे थॅलिडोमाइड नव्हे. पण थॅलिडोमाइडची गोष्ट आठवावी ती वेगळ्या कारणासाठी. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेची निर्धोक गोळी म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत होतं. १९६१ च्या नोव्हेंबरात ते बाजारातून काढलं तोवर हजारो मुलं तोकड्या हातापायांची जन्मली होती. "काही होत नाही" हे तिथेही सगळे म्हणतच होते.

आणि आता दुसरं टोक. हे वाचून कोणी सुनेच्या हातातली चिठ्ठीवरची गोळी हिसकावून घेणार असेल तर कृपा करून नको. कित्येक महिने चालू असलेली गोळी एकदम तोडली तर आईला फिट येऊ शकते. जिला खरंच नैराश्य किंवा पॅनिकचा आजार आहे तिचं औषध काय ठेवायचं, किती कमी करायचं, हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सासूने नाही आणि ब्लॉग लिहिणाऱ्यानेही नाही. मुंबईचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. शिरीष दफ्तरी यांच्या 'प्रोग्रॅम्ड लेबर' पद्धतीत तर कळा सुरू असताना डायझेपाम शिरेतून देतात. पण मोजून, थोडं, बाईवर आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून. त्याची आणि कपाटातल्या स्ट्रिपची तुलनाच होत नाही.

आमच्या त्या एकीला शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, झोप का लागत नाही? हिमोग्लोबिन कमी होतं, रात्री पाय शिवशिवायचे, उठून चालावंसं वाटायचं. आणि रजेनंतर नोकरी राहील का, ही धास्ती तिने घरी कोणालाच सांगितली नव्हती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ती 'अर्धी' मात्र एकदम बंद करता आली नाही. आधी पाव, मग एक दिवसाआड, असं करत ती सुटायला पाच आठवडे लागले.