आधी की नंतर?

प्रायमरी म्हटले की आमच्या सीमाभागात पहिली ते सातवीची शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील प्रायमरी निराळी. तिथे पक्षाची उमेदवारी कोणाला द्यायची हे बहुतेक ठिकाणी सामान्य मतदारच मतदान करून ठरवतात आणि त्याआधी कित्येक महिने इच्छुकांची जुनी दप्तरे चव्हाट्यावर उघडली जातात. आपल्याकडे ही परीक्षाच नाही. तिकीट बंद दाराआड ठरते आणि उमेदवार कोण, ते आपण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचतो. याविषयी चार कडू शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. कोणाला झोंबले तर झोंबोत.

१९८७ सालची गोष्ट घ्या. जो बायडेन डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. ऑगस्टमध्ये आयोवातील एका वादसभेत त्यांनी समारोपाला जे भावपूर्ण बोल काढले, ते ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचे होते. एरवी ते किनॉक यांचे नाव घेत. त्या दिवशी घेतले नाही. घराण्यात विद्यापीठाची पायरी चढणारा आपणच पहिला, ही किनॉक यांची कहाणीसुद्धा त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली. मग विधी महाविद्यालयातले १९६५ सालचे प्रकरण निघाले. एका निबंधात त्यांनी दुसऱ्याच्या लेखातली पाच पाने संदर्भ न देता उतरवली होती. २३ सप्टेंबरला बायडेन यांनी माघार घेतली. तोवर एकही मत पडले नव्हते! उभा जन्म कॉपी पकडण्यात गेलेल्या माझ्यासारख्या हेडमास्तराला हे वाचून समाधान वाटले, हे कबूल करतो.

पण खरी मौज पुढेच आहे. ही चोरी पकडली कोणी? विरोधी पक्षाने नव्हे. त्याच पक्षातले दुसरे इच्छुक मायकेल डुकाकिस यांच्या प्रचारप्रमुखाने चित्रफीत पत्रकारांना पुरवली होती. ते उघडकीस आल्यावर त्या प्रचारप्रमुखालाही राजीनामा द्यावा लागला.

हेच बायडेन २०१९ मध्ये पुन्हा उभे राहिले, तेव्हा कमला हॅरिस यांनी भर वादसभेत त्यांना १९७०च्या दशकातला हिशेब विचारला. काळी आणि गोरी मुले एका शाळेत यावीत म्हणून बसने मुले दूरच्या शाळांत पाठवण्याची योजना होती. केंद्राने ती लादण्यास बायडेन यांचा विरोध होता. हॅरिस लहानपणी तशाच बसमधून शाळेत गेल्या होत्या. एवढे झोंबरे प्रश्न विचारणाऱ्या बाईंनाच पुढच्या वर्षी बायडेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतले. आपल्याकडे स्वपक्षीयाने असे विचारले असते, तर संध्याकाळपर्यंत शिस्तभंगाची नोटीस घरी आली असती.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिपब्लिकन इच्छुकांच्या वादसभेत विचारले गेले, ट्रम्प दोषी ठरले आणि तेच उमेदवार झाले तर पाठिंबा देणार का? आठांपैकी सहांचे हात वर गेले. आमच्या वर्गातसुद्धा सगळे हात उत्तर येत असते म्हणून वर जात नाहीत. पण तिथल्या मतदारांनी जे केले ते डोळे उघडे ठेवून केले.

आता आपले पाहा. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करण्याचा आदेश दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्यावर तत्काळ एक झाले आणि आदेश बोथट करण्यासाठी कायदाच बदलून बसले! १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. म्हणून आज प्रतिज्ञापत्र आहे. पण ते येते कधी? अर्जाबरोबर, म्हणजे तिकीट खिशात पडल्यावर. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने पक्षांनाच विचारले, गुन्हे दाखल असलेला माणूस का निवडला ते लिहून जाहीर करा. आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळले नाही म्हणून २०२१ मध्ये पक्षांना दंड झाला. कोणाला एक लाख, कोणाला पाच. एका सभेच्या मांडवाचा खर्चसुद्धा याहून मोठा असेल.

दोष केवळ पक्षांचा म्हणू नका, वाचकहो. माझ्या हातचे शाळा सोडल्याचे शेकडो दाखले गावोगाव आहेत. त्यांत वर्तणुकीच्या रकान्यात मी डोळे मिटून 'चांगली' लिहिले आहे. शिपाई नेमतानाही आम्ही तो रकाना पाहतो, आमदार नेमताना नाही.

मागल्या निवडणुकीत असाच एक माजी विद्यार्थी पाया पडायला आला. गळ्यात हार, मागे दहा-बारा पोरे. मी म्हटले, "अरे, मागची पाच वर्षं सोसायटीत होतास, त्या हिशेबाचं काय झालं?" तो हसला. "सर, हे तिकीट ठरायच्या आधी विचारायचं होतं."

आधीही विचारले होते. गणपतीत भेटला होता तेव्हा. तेव्हा म्हणाला होता, "सर, अजून तिकीट कुठं ठरलंय?"