नेम नाही

मुळशीतल्या आमच्या पौडला दिवाळी आणि भातकापणी एकदमच येतात. आळीतली पोरं रिकाम्या बाटलीत बाण लावायला लागली की शेजारची आजी ओसरीवरून ओरडते, “अरे, त्याचा काही नेम नाही, भाताच्या उडवीकडं तोंड करू नका!” काडी जरा वाकडी असली की बाण कुठंही जातो. पण आजी प्रत्येक बाणामागं धावत नाही. मुळा नदीकडं गेलेल्याकडं ती बघतही नाही. उडवीकडं वळला तरच बादली उचलते.

इस्रायलची आयर्न डोम ही रॉकेटविरोधी यंत्रणाही असंच वागते. मोकळ्या रानात पडणारं रॉकेट सोडून द्यायचं, वस्तीवर येणारं पाडायचं. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं एखाद-दोन किलोमीटर सहज चुकत. हे चुकणं म्हणजेच निम्मं संरक्षण होतं. उरलेलं निम्मं किती नाजूक, ते २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये दिसलं. शंभर तास सतत चालू राहिलेल्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शानं चुकलं, स्कड बराकीवर पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक गेले.

आता चुकण्याचा तो भरवसाही गेला. ८ जानेवारी २०२० ला इराणनं इराकमधल्या ऐन अल-असद तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा उपग्रहाच्या छायाचित्रांत इमारती एकेक निवडून फोडल्यासारख्या दिसल्या. त्या तळावर पॅट्रियट नव्हतंच. पण असतं तरी काय? सगळीच नेमकी येऊ लागली की एकही सोडून चालत नाही, आणि एकेकावर दोन-दोन प्रतिक्षेपणास्त्रं खर्ची पडतात. भाता लवकर रिकामा होतो.

त्यात क्षेपणास्त्रं वाटेत वळूही लागली. जुलै २०२५ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर चाचणी झालेलं आपलं ‘प्रलय’ ठरीव कमानीतून येत नाही. मग ते पडणार कुठं, याचा अंदाज रडारनं बांधायचा कसा? ‘प्रलय’च्या घडणीत पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई आणि एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळांचा हात आहे. चांदणी चौकातून पौडला यायला भूगाव-पिरंगुटच्या कोंडीत आमचा तास जातो. असं क्षेपणास्त्र शेवटच्या टप्प्यात तेवढं अंतर पंधरा-वीस सेकंदांत कापतं. वाचून ऊर भरून येतो, खरंच येतो. समोरच्याचाही नेम असाच बसला तर, हा प्रश्न मात्र आपण कौतुकाच्या भरात विचारत नाही.

७ मे २०२५ ला मुळशी पंचायत समितीत युद्धसरावाचा भोंगा वाजला, तेव्हा निम्मे लोक आडोसा शोधायचा सोडून मोबाईल काढून उभे होते. त्यात मीही होतो.

आम्ही या अंकाचं सूत्र ‘नेम’ ठरवलं, तेव्हा काकड्याच्या नेमावरच लेख येतील असं वाटलं होतं. तसे आलेही. पण भोंग्यानंतर मला हेच लिहावंसं वाटलं.

आजीची उडवी गेल्या दिवाळीत एका बाणानं पेटली. बादली पोचेपर्यंत अर्धी गेली. यंदा ती एकाऐवजी तीन लहान उडव्या रचणार आहे, मध्ये चांगलं अंतर सोडून. बादलीही भरलेली असेलच म्हणते.